गाडी त्याच्या नावावर होती, चालवत तो नव्हता

दाव्याच्या कागदांसोबत दोन फोटो होते. पहिल्यात ढगाळ उजेडातली गाडीची पांढरी पुढची पाटी, वेळ ११.०७. दुसऱ्यात काळोख, दोन लाल दिवे आणि त्यांच्यामध्ये उजळलेली पिवळी मागची पाटी, वेळ १६.५२. तारीख एकच, नोव्हेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यातली. त्या दिवसांत एडिनबर्गला दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो. जागा शहराच्या कडेला असलेलं दुकानांचं मोठं आवार, तिथे तीन तास गाडी फुकट लावता येते. तिथलं पार्किंग सांभाळणाऱ्या खाजगी कंपनीचं म्हणणं एका ओळीत मावत होतं: गाडी पाच तास पंचेचाळीस मिनिटं उभी होती, म्हणून शंभर पौंड द्या. ते वेळेत आले नाहीत म्हणून वसुलीचे आणखी सत्तर. एकूण १७० पौंड, व्याज वेगळं.

दोन्ही फोटोंत गाडी चालवणारा माणूस मात्र कुठेच दिसत नव्हता.

गाडी माझ्या मित्राच्या नावावर. तो मूळचा नाशिकचा, इथे रुग्णालयात नर्स आहे. मार्च २०२४ मध्ये एका रविवारी तो पाकीट घेऊन माझ्याकडे आला आणि दारातच म्हणाला, "दादा, हे खरंच कोर्टाचं आहे का?" प्रश्न रास्त होता. गेल्या सोळा महिन्यांत आलेलं प्रत्येक पत्र कोर्टाचं वाटावं असंच छापलेलं होतं: लाल अक्षरं, 'अंतिम सूचना', वकिलांच्या नावाचा शिक्का. हे पाकीट वेगळं होतं. आत दाव्याचा फॉर्म, दाव्याचा क्रमांक, एडिनबर्ग शेरीफ कोर्टाचं नाव, आणि उत्तर देण्याची शेवटची तारीख. मी त्याला सांगितलं, हे खरं आहे आणि आता दिवस मोजायचे.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. शेरीफ म्हटलं की आपल्याला मुंबईचं मानाचं पद आठवतं. स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे न्यायाधीश. पाच हजार पौंडांपर्यंतचे पैशाचे दावे त्याच्यापुढे 'सिंपल प्रोसीजर' या पद्धतीने चालतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये ही पद्धत आली आणि जुने स्मॉल क्लेम तिच्यात गेले, तरी लोक बोलताना अजून स्मॉल क्लेमच म्हणतात. वकील न लावता सामान्य माणसाला आपली बाजू मांडता यावी, अशी तिची रचना आहे. पण मुदत पक्की असते. दाव्याची बजावणी कधीपर्यंत व्हायला हवी ती एक तारीख, आणि तिच्यानंतर तीन आठवड्यांनी उत्तराची शेवटची तारीख. त्या तारखेपर्यंत उत्तर गेलं नाही, तर वादी कोर्टाकडे निकाल मागू शकतो आणि एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. मग पगारातून किंवा बँक खात्यातून वसुलीचा रस्ता उघडतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकलेली. इथे दावा दुसऱ्याने लावलेला असतो. आपण पायरी चढलो नाही, तर तो एकटा आत जाऊन जिंकून येतो.

सोळा महिने मित्र गप्प का बसला, तर ओळखीच्या चार जणांनी त्याला सांगितलं होतं, "स्कॉटलंडमध्ये ही पत्रं कचऱ्यात टाकायची असतात." हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि बहुतेक माणसं या अर्ध्याच खरेपणात अडकतात. खरा अर्धा असा: इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याने सोय केली आहे की चालक कोण हे कळलं नाही, तर काही अटी पाळून कंपनी गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून पैसे मागू शकते. ती तरतूद स्कॉटलंडला लागू नाही. इथे हा सगळा मामला कराराचा आहे. आवारात लावलेली पार्किंगच्या अटींची पाटी म्हणजे प्रस्ताव, गाडी लावणं म्हणजे तो मान्य करणं, आणि करार होतो तो गाडी लावणाऱ्याशी. नाव लॉगबुकात, म्हणजे आपल्या भाषेत आरसी बुकात, कोणाचं आहे यावरून करार ठरत नाही. चालकाचं नाव पोलिसांनी विचारलं तर सांगावंच लागतं, तो वेगळा कायदा. खाजगी कंपनीला तसा अधिकार नाही. नगरपालिकेचा दंडही वेगळा, त्यातली वसुली कायद्यानेच होते आणि तिला असा दावा लावावा लागत नाही. दोन्ही नोटिसांची इंग्रजी आद्याक्षरं, पीसीएन, सारखीच असल्याने लोक फसतात. पाकीट उघडल्यावर आधी पाहायचं ते नोटीस कोणाची आहे, हे.

सल्ल्याचा खोटा अर्धा महागात पडतो. २०१७ मध्ये डंडीच्या शेरीफ कोर्टात एका तरुणीवर सुमारे साडेचोवीस हजार पौंडांचा हुकूमनामा झाला. नदीकाठच्या वसाहतीत ती पुन्हा पुन्हा गाडी लावत राहिली आणि नोटिसा बेकायदा समजून बाजूला टाकत राहिली. गाडी कोण लावत होतं याबद्दल तिथे वाद नव्हता. शेरीफने पाटीवरचा करार ग्राह्य धरला. "ही रक्कम म्हणजे दंड आहे, म्हणून ती मागताच येत नाही" हा युक्तिवादही आता फारसा टिकत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चेम्सफर्डच्या एका प्रकरणात ८५ पौंडांची अशी आकारणी वैध ठरवली. तो निकाल इंग्लंडच्या अपिलातला असला तरी स्कॉटलंडची कोर्टं त्याला वजन देतात. मित्राने मोबाईलमध्ये उतरवून आणलेल्या 'मुद्द्यां'मध्ये हा मुद्दा पहिला होता. मी तो खोडायला लावला. हरणारा मुद्दा पहिला मांडला की पुढचे चांगले मुद्देही वाचणाऱ्याला सैल वाटू लागतात.

मग मी विचारलं, "त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

तो म्हणाला, "मीच म्हण ना."

हे उत्तर मी आजवर इतक्या मराठी घरांत ऐकलं आहे की त्याबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं. घरातला कर्ता सगळं अंगावर घेतो. बायकोला, सासऱ्यांना, शिकणाऱ्या मुलाला कोर्टाची झळ नको म्हणून तो म्हणतो, "मीच लावली होती." त्याने मला मोबाईलमध्ये कंपनीला लिहिलेला, पण कधीच न पाठवलेला एक मेल दाखवला: दुकानात गर्दी होती, मला उशीर झाला, माफ करा, रक्कम कमी करा. मेल नम्र होता, आणि त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. त्या दिवशी तो सकाळी सातपासून वॉर्डात होता. मेल गेला असता, तर चालक कोण हा प्रश्नच संपला असता. त्याच्याच लेखी शब्दांनी करार सिद्ध झाला असता, वर गाडी जास्त वेळ थांबल्याची कबुलीही. स्कॉटलंडमध्ये दिवाणी दाव्यात एकाच पुराव्यावर निकाल होऊ शकतो. दुसऱ्या पुराव्याने दुजोरा मिळायलाच हवा, ही अट १९८८ मध्येच गेली. तो एक मेल पुरला असता.

गाडी वहिनी चालवत होत्या. त्यांना बोलावून घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, मी गेले होते हे लपवायचं कशाला? पण मी पाच तास थांबले नव्हते. मी दोनदा गेले होते."

त्या एका वाक्याने सगळं प्रकरण उलगडलं. सकाळी अकराला त्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि अर्ध्या तासात निघाल्या. वाटेत टायरमध्ये हवा कमी झाल्याचं लक्षात आलं, म्हणून टायरवाल्याकडे गेल्या. तिथून घरी, मग मुलीला शाळेतून घेतलं, आणि चारच्या सुमारास सामान आणायला पुन्हा त्याच आवारात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नंबराच्या पाट्या टिपणाऱ्या कॅमेऱ्याने सकाळचा प्रवेश आणि संध्याकाळचं बाहेर पडणं जोडून एकच मुक्काम केला होता. या कॅमेऱ्यांत हा दोष अनोळखी नाही. पुढे मोठी व्हॅन आली, पाटीवर चिखल असला, की मधली एखादी नोंद सुटते.

आता ठरवायचं होतं, उत्तरात काय लिहायचं. निव्वळ कायद्याने पाहिलं तर "मी चालक नव्हतो, सिद्ध करा" एवढं लिहून थांबता आलं असतं. चालकाचं नाव सांगायची सक्ती नव्हती. तरी मी त्याच्या विरोधात होतो, आणि आजही आहे. एक कारण व्यवहाराचं. दिवाणी दाव्यात कल कुठे झुकतो एवढंच पाहतात. गाडी तुमच्या नावावर, घरी गाडी एकच, आणि तुम्ही तोंड मिटून बसलात, तर शेरीफ त्यातून तुम्हीच चालक असा अंदाज बांधू शकतो. दुसरं कारण त्याहून मोठं. सुनावणीत शपथेवर विचारलं जाईल, आणि तिथे खरंच सांगायचं आहे. मग कागदावर लपवून कोर्टात उघड करण्यात काय मिळवायचं? वहिनींची बाजू इतकी स्वच्छ होती की त्यांच्यावर दावा आला असता तरी तो टिकला नसता.

म्हणून कैफियत तीन टप्प्यांत लिहिली. प्रतिवादी त्या दिवशी गाडी चालवत नव्हता, तो ड्युटीवर होता, त्यामुळे कंपनीचा त्याच्याशी करार झालाच नाही. गाडी चालवणाऱ्या व्यक्तीने त्या दिवशी आवारात दोन वेगळ्या फेऱ्या मारल्या, दोन्ही तीन तासांच्या आत. आणि सत्तर पौंडांची वसुली रक्कम कशाच्या आधारे मागितली ते कंपनीने दाखवावं, कारण दाव्यासोबतच्या पाटीच्या फोटोत ती रक्कम नाही. फॉर्मवर जागा कमी असते, आणि ते चांगलं असतं. पहिला मसुदा चार पानांचा झाला होता. त्यात कंपनीच्या वागण्याबद्दलचा राग होता, आलेल्या सगळ्या पत्रांचा हिशेब होता. सगळं काढलं. कंपनीने दाव्यात मित्राला "चालक आणि/किंवा नोंदणीकृत धारक" म्हटलं होतं. त्या तिरक्या रेघेकडे बोट दाखवणारं एक वाक्य मात्र ठेवलं: यापैकी नक्की काय, हे वादीला माहीत नाही. उत्तर कोर्टाला आणि वादीला, दोघांनाही मुदतीच्या पाच दिवस आधी पोचवलं.

त्याच दिवशी मित्राने कंपनीला आणखी एक पत्र पाठवलं, आणि माझ्या मते प्रकरण तिथेच फिरलं. माहिती संरक्षण कायद्याखाली आपल्याबद्दलची कंपनीकडची सगळी नोंद मागता येते. साधारण महिन्याभरात द्यावी लागते आणि पैसे पडत नाहीत. त्याने पत्रात नेमकं लिहिलं: त्या तारखेला माझ्या गाडीच्या क्रमांकाची कॅमेऱ्यांनी केलेली प्रत्येक नोंद, जोडलेली आणि न जोडलेली, दोन्ही. शेवटचे शब्द महत्त्वाचे होते.

उत्तर चोवीस पानांचं आलं. बहुतेक पानं जुन्या पत्रांच्या नकला. नवव्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता होता, तीन ओळींचा. ११.०७ आत. १६.०४ आत. १६.५२ बाहेर. मधल्या ओळीपुढे 'न जुळलेली' असा शेरा. एकदा आत गेलेली गाडी बाहेर न पडता पुन्हा आत कशी जाईल? वहिनी त्या तक्त्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. सव्वा वर्ष त्यांना स्वतःच्याच आठवणीबद्दल शंका येत होती, आणि उत्तर कंपनीच्याच कागदावर छापलेलं होतं.

बाकी पुरावा गोळा करताना एक शिकायला मिळालं. औषधाच्या दुकानाची पावती वहिनींनी जपून ठेवली होती, पण ती कोरी पांढरी झाली होती. उष्णतेने छापलेली अक्षरं वर्षभरात उडतात. प्रकाशात तिरकी धरली तर एक-दोन आकडे दिसत, कोर्टात दाखवण्याजोगं काही नाही. ज्या दिवशी नोटीस येते त्याच दिवशी अशा पावतीचा फोटो काढावा. टायरवाल्याचं बिल मात्र साध्या कागदावर छापलेलं, गाडीच्या क्रमांकासह, किलोमीटरऐवजी मैलांच्या नोंदीसह, वेळ १२.३५. दुकानाचं बिल माणसाची जागा सांगतं, टायरवाल्याचं बिल गाडीची. शिवाय बँकेचा उतारा, आणि मित्राच्या वॉर्डाचं ड्युटीचं वेळापत्रक वरिष्ठांच्या सहीने.

पहिली चर्चा फोनवर झाली. शेरीफ बाईंनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, प्रतिवादी चालक होता असं तुम्ही कशावरून म्हणता? ते म्हणाले, गाडी त्याच्या नावावर आहे, त्यावरून तसा अंदाज करता येतो. बाईंनी तडजोड होते का विचारलं. कंपनीने साठ पौंडांवर मिटवायची तयारी दाखवली. मित्र डळमळला, मला दिसत होतं. साठ पौंड म्हणजे एका दिवसाच्या रजेहून कमी. एवढ्या छोट्या रकमेच्या दाव्यात, बाजू प्रामाणिकपणे लढवलेली असली, तर साधारणपणे कोणालाच खर्च मिळत नाही. म्हणजे जिंकूनही रजा आणि बसभाडं पदरचंच. हिशेबाने साठ देणं फायद्याचं होतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. निर्णय त्याचा. तो "नाही" म्हणाला. वहिनींनी जे केलंच नाही, त्याचे पैसे द्यायचे नव्हते त्याला.

सुनावणीच्या किमान चौदा दिवस आधी पुराव्याची यादी आणि कागद द्यावे लागतात. ते क्रमांक घालून दिले. तक्ता सगळ्यात वर, पिवळ्या रेघेने खुणावून.

एडिनबर्गचं शेरीफ कोर्ट चेंबर्स स्ट्रीटवर आहे, राष्ट्रीय संग्रहालयाच्या समोर. सप्टेंबर २०२४ मध्ये एका सकाळी आम्ही तिघे तिथे गेलो. मी वकील नाही. पण या पद्धतीत प्रतिवादीला शेजारी एक मदतनीस बसवता येतो. त्याने मोबदला घ्यायचा नसतो. कागद हाताशी द्यायचे, टिपणं घ्यायची, हळूच काही सुचवायचं. मी तेवढंच केलं. कंपनीकडून आलेला तरुण वकील सभ्य होता, फाइल त्याला आदल्या दिवशीच मिळाली असावी.

मित्राने शपथेवर सांगितलं, मी चालवत नव्हतो. बाईंनी विचारलं, मग कोण? तो म्हणाला, "माझी पत्नी, माय लेडी, ती बाहेर बसली आहे." गाडी चालवणाऱ्याचं नाव इतक्या सरळपणे आल्यावर त्या खोलीतला ताण एकदम उतरल्यासारखा वाटला. वहिनींनी दिवसाचा क्रम सांगितला. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, एवढ्या जुन्या दिवसाची वेळ नक्की कशी आठवते? त्या म्हणाल्या, "वेळ आठवत नाही, टायर आठवतो." मग बाईंनी नववं पान काढलं आणि वकिलाला विचारलं, चार वाजून चार मिनिटांनी ही गाडी आत आली, तर त्याआधी ती कुठे होती? त्याबद्दल त्याच्याकडे कंपनीच्या सूचना नव्हत्या. तसं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

निकाल लगेच झाला. प्रतिवादीशी करार झाल्याचं सिद्ध झालं नाही, आणि गाडी सलग पावणेसहा तास उभी होती हेही सिद्ध झालं नाही. सत्तर पौंडांच्या मुद्द्यापर्यंत जायची गरजच उरली नाही. आणखी एक बारकावा इथे महत्त्वाचा ठरला. दावा नुसता काढून टाकला, तर तोच दावा पुन्हा येऊ शकतो. प्रतिवादीला दायित्वातून मुक्त केलं, तर त्याच्यापुरता तो विषय कायमचा मिटतो. बाईंनी दुसरा आदेश दिला. खर्चाबद्दल काही नाही, ते अपेक्षितच होतं. अपिलाला चार आठवडे असतात, तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. ते शांतपणे उलटले.

हा आदेश मित्रापुरता आहे. वहिनी त्या दाव्यात पक्षकार नव्हत्या, त्यामुळे कंपनीला वाटलं तर ती त्यांच्यावर वेगळा दावा लावू शकते. स्कॉटलंडमध्ये अशा देण्याची मुदत पाच वर्षांची, इंग्लंडमध्ये सहा. म्हणजे नोव्हेंबर २०२७ पर्यंत. तक्ता, टायरवाल्याचं बिल आणि कोर्टाचा आदेश वहिनींनी एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मुलीच्या शाळेच्या दाखल्यांशेजारी ठेवले आहेत. वर चिठ्ठी चिकटवली आहे: "डिसेंबर २०२७ पर्यंत टाकू नये."